नाताळची थीम आणि पोटमाळा

मुंबईत घर सजवण्याचा मोसम भाद्रपदात सुरू होतो आणि पौषापर्यंत हातातली सेलोटेप खाली ठेवायची सोय नसते. गणपतीचं मखर उतरतं न उतरतं तोच घट बसतात. घट उठले की कंदील, कंदील उतरला की तुळशीचं लग्न. मग मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडलेली असतानाच घरातलं शेंडेफळ शाळेतून येऊन विचारतं, “आई, आपली या वर्षीची ख्रिसमस थीम काय?”

थीम! गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात आजवर आरास झाली, रोषणाई झाली, देखावे तर असे झाले की रांगेत चप्पल हरवलेल्या माणसानेही पुढच्या वर्षी परत रांग लावली. पण थीम हा पाहुणा नवा. आरास करायची तर घरात जे असेल ते सगळं लावायचं. थीम करायची तर जे असेल त्यातलं बरंचसं लावायचं नाही. मराठी घराला पहिली गोष्ट उपजत जमते. दुसरी जमत नाही, कारण पैसे मोजून आणलेली वस्तू नुसता रंग जुळत नाही म्हणून डब्यात ठेवून द्यायची, हे या घराच्या गळी अजून उतरलेलं नाही.

तयार थीम बाजारात चार-पाच आहेत. लाल-सोनेरी सर्वांत जुनी आणि सुरक्षित. लाल-सोनेरीवाल्यांपेक्षा आपण थोडे वेगळे आहोत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी निळी-चंदेरी. ज्यांच्या घरात लहान मूल नाही, त्यांच्यासाठी संपूर्ण पांढरी. काळी-सोनेरी फोटोपुरती. शिवाय पॅन्टोन नावाची अमेरिकी कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते आणि जगभरचे सजावटकार तिकडे डोळे लावून बसतात. 2023 साठी तिने ‘विवा मॅजेन्टा’ दिला, 2024 साठी ‘पीच फझ’, 2025 साठी ‘मोका मूस’. नावं ऐकून कुणी दबून जायचं कारण नाही. दादरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या माणसाला हे तीन रंग दाखवले तर तो जागचा न हलता सांगेल: राणी कलर, फिका अबोली आणि कॉफी. याशिवाय डाळिंबी, अंजिरी, आमसुली, चिंतामणी, श्रीखंडी आणि गुलबक्षी त्याच्या मागच्या फडताळात आहेत, आणि तो ते वर्षाला एक या बेताने काढत नाही.

दुसऱ्याने ठरवून दिलेला रंग मुकाट्याने वापरायची सवय मात्र या शहराला आहे. नवरात्रातल्या नऊ रंगांचा उगम कुठल्या पुराणात शोधू जावं तर सापडत नाही. तो सापडतो ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या फाइलमध्ये, नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत. वृत्तपत्राने रोजचा एक रंग छापला, त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांचे फोटो छापले, आणि बघता बघता लोकलचे लेडीज डबे, बँकांचे काउंटर, इस्पितळांच्या ओपीडी एका रंगात न्हाऊन निघाल्या. हिशेब साधा, वारावरून. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी, आणि उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांपैकी काहीतरी. राखाडी साडी कुणाकडेच नसल्यामुळे दरवर्षी त्या आठवड्यात राखाडी साड्यांचा खप होतो. परंपरा टिकून राहण्यासाठी दुकानदाराचा फायदा असावा लागतो, हे यातलं खरं मर्म.

हाच हिशेब पुढे चालवला तर 25 डिसेंबर 2025 ला गुरुवार होता, म्हणजे झाड पिवळं. पिवळे गोळे, पिवळी माळ, वर पिवळा तारा. बघणाऱ्याने विचारलं असतं, “हळद कुणाची आहे?”

खरी अडचण अशी की या भागात रंग मोकळे मिळतच नाहीत. प्रत्येकाला आधीचा मालक आहे.

लालच घ्या. परळ-लालबागमध्ये हा रंग सांताक्लॉजच्या कितीतरी आधी लाल बावट्याचा होता. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि त्यानंतर कित्येक वर्षं इथल्या नाक्यावर लाल कापड दिसलं की त्याखाली सभा आहे असंच गृहीत धरलं जाई. त्याच नाक्यावरच्या टॉवरमध्ये आज लाल टोपीतला एक गलेलठ्ठ म्हातारा, एकही पाळी न भरता, वर्षातून एकदा येऊन फुकट वाटप करतो, आणि त्याला कुणी घेराव घालत नाही. केशरी रंगाचं काय ते 1966 मध्ये दादरलाच ठरलं. नाताळच्या कुठल्याही पुस्तकी थीममध्ये तो बसत नाही, पण दादरच्या खिडकीत केशरी पडदा असला तर तो काढून लाल लावा, असं सुचवण्याइतका धीट सजावटकार अजून जन्माला यायचा आहे. निळ्या रंगाने तर दादरचा डिसेंबर सुरूच होतो. 6 तारखेला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. शिवाजी पार्क निळ्या झेंड्यांनी आणि पुस्तकांच्या स्टॉलनी भरून जातं. त्या निळ्यापुढे कुणाच्या बाल्कनीतली निळी-चंदेरी माळ फारच किरकोळ दिसते, आणि दिसावीच.

पांढरा रंग घरातल्या आजींना सणासुदीला नको असतो. काळ्याबद्दल तर बोलायचीच सोय नाही.

“काळं झाड? सणाला?”

“आई, ब्लॅक अँड गोल्ड आहे. फार एलिगंट दिसतं.”

“मग संक्रांतीला लाव. वीस दिवसांवर तर आली आहे.”

यावर उत्तर नाही, कारण मुद्दा बिनतोड आहे. काळं नेसायचा एकमेव हक्काचा दिवस मराठी पंचांगात 14 जानेवारीच्या आसपास येतो आणि काळी-सोनेरी थीम निव्वळ तीन आठवडे लवकर पोहोचलेली असते. सुनेने थोडं थांबावं, तिळगुळाच्या वड्यांनी झाड सजवावं, आजी स्वतः स्टुलावर चढून मदत करतील.

या सगळ्या वाटाघाटींतून शेवटी लाल-हिरवंच उरतं. पाश्चात्त्य देशांत या जोडीचं मूळ सांगताना बरीच मंडळी इतिहासात शिरतात. मध्ययुगात 24 डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस मानला जाई. त्या दिवशीच्या नाटकात स्वर्गातल्या बागेचं झाड म्हणून एक सदाहरित झाड उभं करत आणि त्याला लाल सफरचंदं टांगत. युरोपच्या थंडीत होली नावाच्या झुडपाची पानं हिरवी राहतात आणि फळं लाल धरतात, तेही कारण झालं. सांताला लाल डगला कोका-कोलाने चढवला, असं प्रत्येक सोसायटीतला एक तरी काका छातीठोकपणे सांगतो. कंपनीच्या 1931 पासूनच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लॉम यांनी काढलेला सांता जगभर गेला हे खरं, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला लाल रंगात रंगवून ठेवलं होतं. काकांना हे सांगून उपयोग नसतो. ते मग पेट्रोलच्या भावावर येतात.

गिरगावात या इतिहासाची गरज पडत नाही. हिरव्याला लाल काठ ही जोडी इथल्या प्रत्येक घरच्या कपाटात आहे. हिरवा शालू, हिरवा चुडा, लाल कुंकू, खणाची ओटी. इंग्लंडमधल्या गृहिणीला जी रंगसंगती डिसेंबरात सुचते, ती इथे लग्नाच्या याद्यांपासून डोहाळजेवणापर्यंत बारमाही चालू असते. फक्त परिणाम निराळा होतो. दाराला हिरवं-लाल तोरण, टेबलावर हिरवं-लाल कापड, मधोमध केक, असं सगळं जुळवून आणलं की शेजारच्या वहिनी आत येताना सवयीने चपला बाहेर काढतात, पदर सारखा करतात आणि हळदीकुंकवाची वाटी कुठे आहे ते बघतात.

ज्यांचा हा सण आहे, त्यांच्या चर्चला लाल-हिरव्याचं फारसं कौतुक नाही, ही सगळ्यांत गमतीची गोष्ट. कॅथलिक चर्चचं रंगांचं वेळापत्रक नवरात्रापेक्षा कितीतरी जुनं आणि कडक आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्याचा रंग जांभळा, तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी चालतो. आगमनकाळाच्या हिरव्या चक्रातल्या चार मेणबत्त्याही याच हिशेबाने, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. 24 च्या रात्रीपासून पांढरा किंवा सोनेरी. लाल येतो 26 तारखेला, कारण तो दिवस संत स्तेफनचा, आणि लाल हा हुतात्म्यांच्या रक्ताचा रंग. हिरवा तर सणावाराचा मुळीच नाही. नाताळ आटोपून जानेवारीत रोजचे, साधे दिवस सुरू झाले की धर्मगुरूंच्या अंगावर तो दिसतो. तेव्हा ऐन 25 डिसेंबरला लाल-हिरवं लावून बसलेलं घर शास्त्राप्रमाणे अर्धं एक दिवस लवकर आणि अर्धं दोन-तीन आठवडे लवकर पोहोचलेलं असतं. चर्नी रोडच्या सेंट तेरेझा चर्चला जाणाऱ्या कुणाही आजीबाईंना हे तोंडपाठ असतं. आपल्याकडच्या सजावटीच्या पुस्तकांना नसतं.

दादरच्या पोर्तुगीज चर्चने तर रंगाच्या भानगडीतून वेगळाच मार्ग काढला. 1596 पासूनच्या या जागेवर आजची वास्तू सत्तरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी उभी केली, ती उघड्या काँक्रीटची. बाहेरून राखाडी. बसमधून जाणाऱ्याला शनिवार आहे असं वाटावं. आत मात्र घुमटाला म. फि. हुसेन यांच्या कुंचल्याचे रंग आहेत. संपूर्ण दादरमध्ये एकाच थीमला शेवटपर्यंत चिकटून राहिलेली ही बहुधा एकमेव इमारत. आजूबाजूच्या इमारतींनी तेवढ्या काळात पिवळा, गुलाबी, पुन्हा पिवळा आणि शेवटी बिल्डरच्या माहितीपत्रकातला, नाव नसलेला रंग लावून झाला.

नाताळची सजावट बघायला गिरगावात जायचं ते खोताच्या वाडीत. पाठारे प्रभू खोतांच्या मालकीच्या या जागेत ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. मुंबईचेच मूळ रहिवासी, घरात मराठीची आपली बोली बोलणारे हे ख्रिस्ती. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, अधिकृतपणे घेतलं. नाताळचं झाड घरोघरी पोहोचवण्यातही याच बाईंचा हात आहे. 1848 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी, अल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं आणि इंग्लंडभर झाडांची लाट आली. वृत्तपत्राने फोटो छापायचा आणि लोकांनी तसंच करायचं, ही पद्धत नवरात्राच्या आधीपासूनची म्हणायची.

वाडीत एकेकाळी 65 घरं होती, आता तीसहून कमी उरली आहेत. बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे उघडा व्हरांडा, कोरीव कठडे, वर कौलं. आणि रंग! एक घर निळं, त्याला पांढऱ्या चौकटी. शेजारचं पिवळं, त्याला लाल. पुढचं हिरवट, त्याला कोणता ते ज्याच्या त्याच्या चष्म्यावर अवलंबून. इथे थीम ठरवायचा प्रश्नच येत नाही, कारण घर स्वतःच बाराही महिने सजून बसलेलं असतं. डिसेंबरात गल्लीवर पताका येतात, व्हरांड्यात तारे लागतात, आणि तारा घराला शोभतो का, यापेक्षा तो शेजारच्या ताऱ्यापेक्षा लहान तर नाही ना, हे बघितलं जातं. या बाबतीत खोताची वाडी आणि लालबाग यांचं एकमत आहे.

तारा आणि कंदील यांच्यात तरी फरक किती? दोन्हीच्या आत बांबूच्या कामट्या, दोन्हीवर पतंगाचा किंवा जिलेटीनचा कागद, दोन्हीला खळ, दोन्हीच्या पोटात एक दिवा आणि बाहेर एक वडील, जे “होल्डर सैल आहे, हात लावू नका” असं ओरडत असतात. दिवाळीचा कंदील पाच कोनांचा असेल तर त्याच्या शेपट्या कापल्या की तो नाताळचा तारा होतो. या शस्त्रक्रियेला मिनिटभरही लागत नाही. शेपट्या फेकायच्या नसतात. त्या 26 जानेवारीला लागतात.

हिरव्या रंगाचं एक मात्र अस्सल आहे. नाताळच्या गोठ्याचा देखावा सुरू केला तो संत फ्रान्सिसने, 1223 मध्ये, इटलीतल्या ग्रेच्चो गावी. त्या गोठ्याभोवतालचं गवत कोकणपट्टीतल्या ख्रिस्ती घरांत विकत आणत नाहीत, पेरतात. दहा-बारा दिवस आधी पसरट ताटलीत माती घालून गहू किंवा नाचणी टाकायची, रोज पाणी शिंपडायचं, नाताळपर्यंत वीतभर कोवळं हिरवं उभं राहतं. शेजारच्या मराठी घरात हेच काम आश्विनात घटाभोवती झालेलं असतं आणि दिवाळीत मुलांनी किल्ल्यावर अळीव पेरून पुन्हा केलेलं असतं. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या शहरातली एक तरी परात कायम मातीने भरलेली असते आणि एक तरी गृहिणी ती कुठे गेली म्हणून शोधत असते. किल्ला आणि गोठा एकाच मजल्यावर असले की आणखी एक देवाणघेवाण होते. मेंढपाळ कमी पडले तर किल्ल्यावरचे मावळे कामाला येतात. बाळ येशूच्या पायाशी ढाल-तलवार घेऊन उभा असलेला, फेटा बांधलेला इसम कोण, असं पाद्रीबाबांनी विचारलं तर काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. सुरक्षेचा प्रश्न तेव्हाही होताच, हेरोद राजाची गोष्ट बायबलमध्येच आहे.

इथून पुढे विषय पोटमाळ्याकडे वळतो, आणि वळायलाच हवा. कारण या भागातल्या घराची नाताळची रंगसंगती पॅन्टोन ठरवत नाही, चर्च ठरवत नाही, मुलंही ठरवत नाहीत. ती तिथेच ठरते.

मोरीवरच्या त्या साडेतीन फूट उंचीच्या जागेत तीन महिन्यांचे सण एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात. गणपतीमागचा जांभळा सॅटिनचा पडदा. मखराच्या कडेच्या सोनेरी झिरमिळ्या. कागदी पंखे, चार शाबूत आणि दोन उंदरांनी कुरतडलेले. गेल्या वर्षीचा कंदील, या वर्षीचा कंदील, आणि कुणीतरी भेट दिलेला, कधीच न लावलेला कंदील. प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. आणि एक थर्माकोलचा खांब. 2018 च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि त्या जुलैत उच्च न्यायालयाने गणपतीपुरती सवलत द्यायलाही नकार दिला. तेव्हापासून तो खांब लावता येत नाही, आणि चांगला असल्यामुळे टाकवतही नाही. तो आपला वर पडून असतो. सरकार बदलेल, या आशेवर.

डिसेंबरात स्टूल लावून घरातला कर्ता पुरुष वर चढतो आणि खालून सूचना येतात. “लाल काय काय आहे बघ.” वरून पडद्यासारखं काहीतरी खाली येतं. “हे लाल नाही, राणी आहे.” “वरून लालच दिसतंय.” “सोनेरी झिरमिळ्या कुठायत?” “आहेत, पण त्यांना गुलाल लागलाय.” गुलाल लागलेल्या सोनेरी झिरमिळ्या लांबून तांबूस दिसतात आणि बाजारात त्याच रंगाला ‘रोझ गोल्ड’ म्हणून दीडपट भाव आहे. घरात तो विसर्जनाच्या मिरवणुकीत आपोआप तयार होतो.

बर्फ मात्र वेगळा करावा लागतो. मुंबईत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश, तेही जानेवारी 1962 मध्ये एकदा. बर्फ म्हणजे कापूस, यावर शहराचं एकमत आहे. वातींच्या आणि वस्त्रमाळांच्या कापसाचा पुडा देवघरातून उचलायचा, पिंजायचा आणि प्लास्टिकच्या झाडावर ठेवायचा. 1854 मध्ये पहिली कापड गिरणी काढणाऱ्या शहराला कापसाचा एवढा उपयोग तरी यायलाच हवा. पुढे 18 जानेवारी 1982 ला संप झाला, गिरण्या थांबल्या त्या थांबल्याच. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला आणि तिथे आता दर डिसेंबरात एक अवाढव्य झाड उभं राहतं, त्यावर सगळं कसं जुळवून, एका रंगाचं. आजूबाजूच्या चाळींतली मंडळी सहकुटुंब जाऊन त्याच्यापुढे फोटो काढतात. कधीकाळी त्याच आवारात पाळी केलेले एखादे आजोबाही फोटोत असतात. झाड मोठं आहे, ते मान्य करतात. पण लाइट एकाच रंगाचे का, बाकीचे गेले का, असं हळूच विचारतात.

लाइटचं ते मुळात खरं आहे. झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने, 1882 मध्ये न्यूयॉर्कला, आणि त्यातही लाल, पांढरे, निळे असे तीन रंग होते. एकरंगी माळ ही अलीकडची खोड. लोहार चाळीत डिसेंबरात माळ घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “वॉर्म की कूल?” याचा अर्थ पिवळट की पांढरी एवढाच. गिऱ्हाईक दोन्ही लावून बघतं, नवऱ्याला व्हिडिओ कॉल करतं, नवरा दोन्ही सारख्याच दिसतात म्हणतो, आणि मग दुकानदार मागच्या खोक्यातून ठेवणीतलं काढतो: “ताई, तुम्ही मल्टी घ्या. मल्टीत सगळं येतं. दिवाळीला चालते, गणपतीला चालते, वाढदिवसालाही चालते.” त्या एका वाक्याने जगातल्या सगळ्या थीम आडव्या होतात. आठ प्रकारे लुकलुकणारी, बटण दाबलं की गाणंही म्हणणारी मल्टी पिशवीत पडते. गाणं इंग्रजीच असतं. ते पुढे गणपतीतही वाजतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

झाडाचंही असंच आहे. पूर्वी सुरूची एक फांदी रॉकेलच्या डब्यात वाळू भरून उभी केली की झालं. ऐपतवाल्यांकडे कुंडीतला अरोकेरिया. आता चीनमधल्या यिवूहून आलेलं, घडी होणारं झाड क्रॉफर्ड मार्केटला मिळतं, हिरवं, पांढरं, गुलाबी, आणि टोकाला बर्फ लावून दिलेलं. गुलाबी झाड घेणारीही माणसं आहेत. ती कुठे राहतात ते कळत नाही.

एवढं करून ठरवलेली रंगसंगती टिकेल याचीही हमी नाही, कारण पंचांग. 2024 मध्ये नाताळ बुधवारी आला आणि दुसऱ्याच दिवशी, 26 तारखेला, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. त्यात त्याच दिवशी एकादशी. उद्यापन करायचं की नाही, सवाष्णींना जेवायला काय घालायचं, यावर दादरच्या फुलबाजारात आदल्या दिवशी, म्हणजे ऐन नाताळात, चर्चासत्रं झडत होती. घरी दिवाणखान्यात एका कोपऱ्यात लाल-चंदेरी झाड, दुसऱ्या कोपऱ्यात पाटावर कलश, त्याला मुखवटा, पाच फळं, पाच पानं आणि झेंडूची भरघोस वेणी. आदल्या रात्री तासभर खपून जमवलेली लाल-चंदेरी थीम त्या केशरी-पिवळ्यापुढे पार फिकी पडली. पाहुण्या बायका आल्या, देवीला नमस्कार केला, मग वळून झाडालाही केला. सोय म्हणून देवीच्या मागे तीच मल्टी लावली होती, आणि एक्स्टेंशन बोर्ड एकच असल्यामुळे कोपरे दोन असूनही लुकलुकणं एका लयीत चालू होतं. मजल्यावरच्या ख्रिस्ती आंटींनी त्याच दुपारी ताट पाठवलं. दिवाळीत फराळ गेला होता, त्याची परतफेड. नेवऱ्या, कलकल, पेरूची लालबुंद वडी, गुलाबी आणि हिरव्या रंगाची मिल्क क्रीम. ताटभर रंग होते आणि ते जुळतात का हे बघायला कुणी थांबलं नाही. एकादशी असलेल्यांनी तेवढं मिल्क क्रीम उपासाला चालतं का ते विचारून घेतलं.

सजावटीचं सामान घ्यायचा खरा मुहूर्त त्यानंतरचा. 27-28 तारखेला क्रॉफर्ड मार्केटात आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटवर उरलेला माल काढून टाकायची घाई असते. लाल गोळे संपलेले असतात, सोनेरी संपलेले असतात, चंदेरी अर्धे फुटलेले. जांभळे मात्र खोक्यांवर खोकी शिल्लक असतात, कारण जांभळा नाताळ कुणाला हवा? विक्रेता शेवटी निम्म्यावर येतो, मग डझनावर दोन फुकट देतो. गिरगावची चोखंदळ गृहिणी असा सौदा सोडत नाही. तिला ठाऊक असो वा नसो, आगमनकाळाचा शास्त्रशुद्ध रंग तिने मातीमोल भावात पदरात पाडून घेतलेला असतो. 2026 मध्ये त्रिपुरी पौर्णिमा 24 नोव्हेंबरला आहे आणि आगमनकाळाचा पहिला रविवार 29 ला. कंदील उतरवल्यावर जांभळे गोळे चढवायला मधे चार दिवस मोकळे मिळतात. फक्त ते कोणत्या खोक्यात ठेवलेत, हे तेव्हा आठवायला हवं.